उद्याचा काय बेत?

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे चाललात?' असे विचारू नये, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवले जाते. तरीही विचारल्यावाचून राहवत नाही. मग आपण वळसा घेतो. 'काय, आज स्वारी कुणीकडे?' असे म्हणतो. निघणाराही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. म्हणजे एखाद्याचा बेत विचारणे ही नुसती व्याकरणाची बाब नव्हे. त्यात रीत आहे, आपुलकी आहे आणि थोडीशी भीडही आहे. आपल्या भाषेत ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली असते, म्हणून ती दिसत नाही. परक्या भाषेत शिरले की मात्र पावलोपावली ठेच लागते.

आज मी स्पॅनिश भाषेतल्या या रीतीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. स्पेनमध्ये ही भाषा बोलतात, हे तर नावावरूनच कळते. पण मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिना-चिलीपर्यंत पसरलेल्या बहुतेक देशांची तीच भाषा आहे. सुमारे ५० कोटी माणसांची ती मातृभाषा आहे. आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे जातात, आणि घरी बसूनही पुष्कळजण ही भाषा शिकतात. पुस्तकातून त्यांना 'माझे नाव अमुक' आणि 'स्टेशन कुठे आहे' एवढे चटकन येते. अडते ते पुढे. ओळख झाली, आता मैत्री व्हायची, तर समोरच्याला विचारावे लागते, 'काय रे, शनिवारी काय करतोस?' मैत्रीची सुरुवात बहुधा याच प्रश्नाने होते.

माझ्या नात्यातली एक मुलगी शिकायला माद्रिदला गेली. भाषा तिने इकडे दोन वर्षे मन लावून शिकली होती. परीक्षेत गुणही उत्तम. पहिल्याच महिन्यात वर्गातली एक मैत्रीण शुक्रवारी निघताना तिला म्हणाली, 'आ बेर सि केदामोस एस्ते फिन दे सेमाना.' मुलीने मनातल्या मनात अर्थ लावला: 'या शनिवार-रविवारी भेटू.' तिला कोण आनंद झाला! शनिवारी सकाळी उठून तिने खोली आवरली, शिरा केला आणि फोन जवळ घेऊन बसली. शनिवार गेला, रविवार गेला. फोन काही आला नाही. सोमवारी मैत्रीण नेहमीसारखीच हसत समोर आली, जणू काही घडलेच नाही. मुलीने मनात अढी धरली. पुढचे काही आठवडे ती तिच्याशी जेवढ्यास तेवढेच बोलली. परगावी, परक्या भाषेत एकटे पडलेल्या माणसाला अशी अढी किती महाग पडते, हे त्यातून गेलेल्यांनाच ठाऊक.

चूक कोणाची? खरे म्हणजे कोणाचीच नाही. पण हे समजायला आधी थोडे व्याकरण पाहावे लागेल. घाबरू नका. मराठी माणसाला हे व्याकरण फारसे परके वाटणार नाही.

उद्याची गोष्ट सांगायला आपल्याकडे तीन रूपे आहेत. 'मी उद्या जातो', 'मी उद्या जाणार आहे' आणि 'मी उद्या जाईन'. तिन्हींचा काळ एकच, पण भाव निराळा. स्पॅनिशमध्येही नेमकी अशीच तीन रूपे आहेत. 'जातो' म्हणजे 'बोय', 'जाणार आहे' म्हणजे 'बोय आ इर' आणि 'जाईन' म्हणजे 'इरे'. व्याकरणाच्या पुस्तकात भविष्यकाळ म्हणून बहुधा हे तिसरे रूप ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि शिकणारा तेच पाठ करतो. मग तो मित्राला विचारतो, 'के आरास एल साबादो?' हे चूक नव्हे. पण जरा मराठीत म्हणून पाहा: 'तू शनिवारी काय करशील?' ऐकणारा क्षणभर थबकतोच, की याला माझा बेत हवा आहे, की हा मला कोडे घालतो आहे? आपण तसे विचारत नाही. आपण म्हणतो, 'शनिवारी काय करणार आहेस?' किंवा 'शनिवारी काय करतोस?' स्पॅनिश माणूसही हेच म्हणतो. 'के बास आ आसेर एल साबादो?' म्हणजे काय करणार आहेस, आणि 'के आसेस एल साबादो?' म्हणजे काय करतोस. मित्रामित्रांत हीच दोन रूपे चालतात.

मग ते तिसरे रूप कशाला? आपण 'असेल' कशाला वापरतो, ते आठवा. 'तो आत्ता कुठे असेल?', 'दहा वाजले असतील.' इथे उद्याचा काही संबंध नाही. हा आपला आजचाच अंदाज आहे. स्पॅनिशमध्येही 'दोंदे एस्तारा?' म्हणजे 'कुठे बरे असेल तो?' आणि 'सेरान लास द्येस' म्हणजे 'दहा वाजले असतील'. बोलण्यात भविष्यकाळाचे रूप असे अंदाजाच्या कामी फार येते. शिवाय वचन देताना, 'नक्की येईन' म्हणताना ते शोभते. बेत विचारताना मात्र 'णार आहे' हेच बरे.

आणखी एक रूप सांगून ठेवतो. 'के प्येन्सास आसेर?' याचा शब्दशः अर्थ 'काय करायचा विचार आहे?' 'प्येन्सो इर' म्हणजे 'जायचा विचार आहे'. किती आपलेसे आहे पाहा! आणि 'त्येनेस प्लानेस?' म्हणजे 'काही बेत आहे का?' हे तर सांगायलाच नको.

आता उच्चाराकडे वळू. स्पॅनिश लिपीत 'व' आणि 'ब' यांची अक्षरे निराळी आहेत, पण उच्चार एकच, 'ब'कडे झुकणारा. 'ह' लिहितात, पण उच्चारत नाहीत. त, द यांचा उच्चार इंग्रजीसारखा नसून आपल्या दंत्य त-द सारखा आहे, ही आपल्याला मोठीच सोय. पण बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात. 'बास आ आसेर' हे तीन शब्द कानावर 'बासासेर' असे एकच येतात. अख्खा प्रश्न 'केबासासेर?' असा ऐकू येतो. पुस्तकी विद्यार्थ्याला वाटते, हा कुठला नवा शब्द? नवा काही नाही, आपणही 'काय करतो आहेस'चे 'काय करतोयस' करतोच की! तेव्हा हा प्रश्न डोळ्यांनी नव्हे, कानांनी पाठ करावा. मधल्या त्या 'आ'मुळे गोव्यातल्या पोर्तुगीज जाणणाऱ्या मंडळींनाही जरा अडखळायला होते, कारण पोर्तुगीजमध्ये रचना अशीच असली तरी तो 'आ' तिथे नसतो.

आणखी एका 'स'ची गोष्ट. 'के आसेस एल साबादो?' म्हणजे येत्या शनिवारी काय करतोस? आणि 'के आसेस लोस साबादोस?' म्हणजे दर शनिवारी काय करत असतोस? पहिल्यात बेत विचारला, दुसऱ्यात सवय. पहिल्याचे उत्तर 'काही नाही, का रे?' असे येते, 'नादा, पोर के?' आणि पुढे आमंत्रणाची वाट मोकळी होते. दुसऱ्याचे उत्तर 'कपडे धुतो, आईला फोन करतो' असे येते, आणि वाट तिथेच संपते.

कोणाला कसे विचारावे, हाही प्रश्न आहे. मित्राला 'तू'. हा शब्द स्पॅनिशमध्येही 'तू'च आहे, बरे का! दोन्ही भाषांचे मूळ फार मागे एकच, त्याची ही खूण. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसांना 'उस्तेद'. हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजत आला आहे. म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते, जणू समोर उभ्या असलेल्यालाच 'साहेब उद्या काय करणार?' म्हणावे तसे. 'के बा आ आसेर उस्तेद?' अनेक मित्रांना एकदम विचारायचे तर स्पेनमध्ये 'के बाइस आ आसेर?' आणि अमेरिका खंडात 'के बान आ आसेर?' अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात, आणि 'के आसेस'मधला जोर शेवटच्या अक्षरावर जातो. कोलंबियाच्या बोगोता शहरात तर जिवाभावाचे मित्रही एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना आढळतात. तेव्हा तिथे कोणी आपल्याला 'उस्तेद' म्हटले तर तो दुरावा समजू नये.

आता त्या मुलीच्या गोष्टीकडे येऊ. तिला चकवले ते 'केदामोस' या शब्दाने. मूळ क्रियापद 'केदार', जोर शेवटच्या 'दार'वर. आपल्याकडचे नाव असल्यासारखे आहे, लक्षात ठेवायला सोपे! स्पेनमध्ये याचा अर्थ भेटायचे ठरवणे. 'केदामोस?' म्हणजे 'भेटायचं का?' 'आ के ओरा केदामोस?' म्हणजे 'किती वाजता भेटायचं?' आणि 'ए केदादो' म्हणजे 'माझे आधीच कोणाशी तरी ठरले आहे'. यालाच 'से' जोडले की मात्र अर्थ पालटतो. 'मे केदो एन कासा' म्हणजे 'मी घरीच राहतो'. अमेरिका खंडात भेट ठरवताना 'नोस बेमोस?' म्हणजे 'भेटू या?' हे जास्त कानावर पडते.

तर 'केदामोस एल साबादो?' हा खरा बेत. पण तिच्या मैत्रिणीने आधी तीन शब्द जोडले होते, 'आ बेर सि'. 'आ बेर' म्हणजे 'बघू'. मराठीतला हा 'बघू' किती कसबी शब्द आहे, हे आपल्याला सांगायला नको. 'बघू, एकदा भेटू या', 'या की कधी घरी', हे आपण रस्त्यात दहाजणांना म्हणतो. त्यात लबाडी नसते. आपल्याला तो माणूस आवडतो, एवढे त्यात खरे असते. पण त्या शब्दांवर विसंबून कोणी रविवारी दारात उभा राहिला, तर आपलीच धांदल उडेल. स्पॅनिशमधले 'आ बेर सि केदामोस' हे अगदी असेच आहे. तो बेत नव्हे. बेताचे बी आहे. त्याला पाणी दुसऱ्याने घालायचे असते.

हे तिला सांगितले तिच्या घरमालकीणबाईंनी. शिऱ्याची हकीगत ऐकून त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, 'अगं, तिने म्हटलं, पण तू काय उत्तर दिलंस? नुसती मान हलवलीस ना? तू लगेच वार आणि वेळ विचारायला हवी होतीस.' मुलीला एकदम उजेड पडला. आपल्याला बोलावले नाही म्हणून ती रुसली होती. आणि तिकडे त्या मैत्रिणीला वाटत असणार की, हिला काही आपल्यात यायची हौस दिसत नाही. दोघी दोन्ही काठांवर उभ्या.

पुढच्या शुक्रवारी तिने धीर करून स्वतःच विचारले, 'केदामोस मान्याना आ लास स्येते?' उद्या सात वाजता भेटायचं? मैत्रीण म्हणाली, 'बाले.' म्हणजे 'बरं, ठरलं'. 'दोंदे?' कुठे? 'एन एल ओसो.' अस्वलापाशी! माद्रिदच्या प्वेर्ता देल सोल या चौकात झाडाला पंजे टेकून उभ्या असलेल्या अस्वलाचा पुतळा आहे. तो १९६७ साली उभारला गेला, आणि शहरातल्या मंडळींची ती ठरलेली भेटण्याची जागा आहे. वार, वेळ, जागा, तिन्ही मिळाली की बेत पक्का. हा नियम कोणत्याही देशात लागू पडेल.

वेळेविषयीही सावध असावे. 'मान्याना' या एकाच शब्दाचा अर्थ 'उद्या' आणि 'सकाळ' असा दुहेरी आहे. 'उद्या सकाळी' म्हणायचे तर 'मान्याना पोर ला मान्याना' असे दोनदा म्हणावे लागते. हसू नका; आपला 'परवा' तर मागेही जातो आणि पुढेही. तिकडे पुढच्या परव्याला 'पासादो मान्याना' आणि मागच्याला 'आन्तेआयेर' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'तार्दे' या शब्दात आपली दुपारही येते आणि संध्याकाळही. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊ-दहाला. तेव्हा 'शनिवारी तार्दे'ला भेटू म्हटल्यावर तीन वाजता जाऊन बसाल, तर यजमान अजून जेवत असतील. म्हणून 'आ के ओरा?' हे विचारल्याशिवाय हलू नये. मेक्सिकोत 'आओरिता' म्हणजे 'आत्ताच' असे म्हणतात. तो 'आत्ता' आपल्या 'आत्ता आलो'इतकाच लवचिक असतो.

'आलो'वरून आठवले. दार वाजले की आपण आतून ओरडतो, 'आलो, आलो!' स्पॅनिश माणूस म्हणतो 'बोय!' म्हणजे 'जातो'. बोलणारा जिथे उभा आहे तिथून तो निघतो, म्हणून 'जातो'. मित्राने फोनवर 'ब्येनेस?', म्हणजे 'येतोस का?' असे विचारले, तर आपल्या मनात उत्तर तयार असते: 'हो, येतो.' पण तिथे 'सि, बोय' असेच म्हणावे लागते. मराठी माणसाच्या तोंडून इथे 'बेन्गो', म्हणजे 'येतो', हटकून निसटते, आणि ऐकणारा गोंधळतो. निघतानाही ते सरळ 'मे बोय' म्हणजे 'जातो' म्हणतात. आपल्या कानाला ते जरा अशुभ वाटते, पण त्यांच्या मनात तसे काही नसते.

आमंत्रण देताना स्पेनमध्ये 'ते आपेतेसे इर आल सिने?' म्हणतात, सिनेमाला जावेसे वाटते का? मेक्सिकोत 'से ते आन्तोखा?' म्हणतात, कोलंबिया, पेरू, व्हेनेझुएला इकडे 'ते प्रोबोका?' असेही विचारतात, विशेषतः खाण्यापिण्याच्या बाबतीत. आणि नकार द्यायचा झाला तर नुसते 'नो' म्हणू नये. 'एस के...' अशी सुरुवात करावी. याचे मराठी भाषांतर माझ्यापाशी तयार आहे: 'त्याचं असं आहे की...' आपल्या सगळ्या सभ्य सबबी इथूनच सुरू होतात, त्यांच्याही. 'एस के तेन्गो के एस्तुद्यार', म्हणजे 'त्याचं असं आहे की, मला अभ्यास करायचा आहे'. शेवटी 'ओत्रो दिआ', म्हणजे 'पुन्हा कधी तरी', हे जोडले की मन दुखावत नाही. उत्तर 'या बेरेमोस' आले, तर समजावे की हा आपलाच 'बघू'. त्यावर शिरा करू नये.

आणि आशा व्यक्त करायची तर एक सुंदर शब्द आहे, 'ओखाला'. स्पेनमध्ये ७११ सालापासून १४९२ सालापर्यंत कुठे ना कुठे मुसलमानी राज्य होते. त्या काळच्या अरबीतून हा शब्द आला; अर्थ 'ईश्वराची इच्छा असेल तर'. आज तो देवाचे नाव न घेताही सगळे वापरतात, 'तसं होवो' या अर्थाने. 'ओखाला बेन्गास' म्हणजे 'तू आलास तर किती बरं होईल!' बेत माणसाने करावा आणि त्याला थोडी जागा दैवासाठी ठेवावी, हे शहाणपण दोन्हीकडे सारखेच दिसते.

एक शेवटचे वाक्य देतो आणि थांबतो. मित्र प्रवासाला निघाला, तर त्याला म्हणावे, 'क्वान्दो येगेस, यामामे.' पोचलास की फोन कर. गंमत अशी की, पोचणे अजून व्हायचे आहे, तरी आपण 'पोचशील की' म्हणत नाही, 'पोचलास की' म्हणतो. स्पॅनिश माणूसही इथे भविष्यकाळ वापरत नाही, त्यासाठी त्याच्याकडे क्रियापदाचे निराळे रूप आहे. काळजीपोटी बोलताना दोन्ही भाषा व्याकरणातला ठळक भविष्यकाळ बाजूला ठेवतात.

ती मुलगी आणि तिची मैत्रीण त्या शनिवारी अस्वलापाशी भेटल्या. मैत्रीण पंधरा मिनिटे उशिरा आली आणि 'एस के...' करून कारण सांगू लागली. मुलीला हसू आवरेना. कारण तेवढ्यात तिच्या मनात ते मराठीत उमटलेही होते: 'त्याचं असं झालं की...' परकी भाषा आपली होते ती अशा एखाद्या क्षणी. म्हणून शिकणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: कोणी बोलावील म्हणून वाट पाहत बसू नका. वाक्य थोडे मोडकेतोडके झाले तरी चालेल. आपणच पुढे होऊन विचारावे, उद्याचा काय बेत?